लेक्सिंग्टनचे अर्धवट उपचार

अमली पदार्थांवर निर्बंध आणणाऱ्या 1914च्या हॅरिसन कायद्यानंतर अमेरिकेचे केंद्रीय तुरुंग मॉर्फीन-हेरॉइनच्या व्यसनींनी भरू लागले, तेव्हा या माणसांचे करायचे काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. 1929च्या पोर्टर कायद्याने त्यावर तोडगा काढला आणि मे 1935मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टनजवळ सुमारे हजार एकरांवर ‘नार्कोटिक फार्म’ सुरू झाले. ते निम्मे तुरुंग होते, निम्मे रुग्णालय. पहिले प्रमुख डॉ. लॉरेन्स कोल्ब व्यसनाला गुन्हा नव्हे, आजार मानत. शिक्षा झालेले कैदी आणि आपखुशीने आलेले रुग्ण तिथे एकाच छताखाली राहत, गायींच्या धारा काढत, शेतात राबत. मॉर्फीनची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यासाठी मेथडोन हे मॉर्फीनच्याच जातकुळीतले औषध वापरात आले. त्या काळाच्या मानाने ही मोठीच मजल होती.

तरीही तिथून न्यूयॉर्कला परतलेल्यांचा मागोवा घेणाऱ्या 1962च्या अभ्यासात 90 टक्क्यांहून अधिक जण पुन्हा व्यसनाकडे वळल्याचे दिसले. व्यसनी सुधारतच नाहीत, असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. मला तो मान्य नाही. नशा उतरवली, शरीर सावरले आणि माणसाला औषधाविना, डॉक्टराविना त्याच जुन्या वस्तीत परत धाडले. त्या आकड्यात अपयश दिसते ते या तोडलेल्या उपचारांचे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. याच संस्थेत कैद्यांवर अमली पदार्थांचे प्रयोग झाले आणि मोबदला म्हणून त्यांना मॉर्फीनही दिले गेले. मग तुरुंगातल्या वैद्यकावर विश्वास कसा ठेवायचा? त्यावर उतारा आहे तो खरी संमती आणि बाहेरच्यांची देखरेख. कैद्याला उपचारच नाकारणे हा नव्हे.

लेक्सिंग्टनचे हे पर्व 1974मध्ये संपले. दोनच वर्षांनी, 1976च्या एस्टेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष घटनाबाह्य ठरवले. हक्क मिळाला, पण पैशाची वाट अडलेलीच राहिली: 1965च्या कायद्यानुसार, बाहेरच्या रुग्णालयात दाखल झाल्याखेरीज कैद्याच्या उपचारांना मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा केंद्रीय निधी सहसा मिळत नाही. याची किंमत सुटकेनंतर मोजावी लागते. वॉशिंग्टन राज्यातील 2007च्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळपास तेरापट आढळला आणि त्यात ओव्हरडोसचा वाटा सर्वांत मोठा होता. तुरुंगात शरीराची नशा पचवण्याची क्षमता घटलेली असते. जुनीच मात्रा आता जीव घेते. ऱ्होड आयलंडने 2016पासून तुरुंगात मेथडोनसह या व्यसनावरची तिन्ही मान्य औषधे दिली, सुटकेनंतरही ती चालू ठेवण्याची सोय केली. सुटून आलेल्यांचे ओव्हरडोसचे मृत्यू वर्षभरात सुमारे 60 टक्क्यांनी घटले. ‘एका नशेऐवजी दुसरी नशा’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. मोजून दिलेले मेथडोन तलफ शमवते आणि माणसाला कामाधंद्याला लागण्याइतके स्थिर ठेवते. न्यायालय कैद्याचे स्वातंत्र्य काढून घेते. त्याचे औषध काढून घेण्याची शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नसते.