गढूळ पाणी आणि विषारी पाणी : सुश्रुतसंहितेंतील एक भेद

जलशुद्धीविषयींचीं प्राचीन वचनें वाचतांना, पाण्यांतील जड धातु वनस्पतींच्या योगानें काढण्याची विद्या आपल्या पूर्वजांस अवगत होती, असें अनुमान काढण्याचा मोह होतो. मूळ ग्रंथ त्यास कितपत आधार देतो, हें येथें पाहावयाचें आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, ४५ व्या अध्यायांत, कलुष म्हणजे गढूळ पाणी निवळविण्याचीं ७ साधनें सांगितलीं आहेत : कतक, गोमेद, बिसग्रंथि, शैवालमूल, वस्त्र, मोतीं व मणि. पैकीं कतक म्हणजे आपली निवळी. तिचें बीं भांड्यास आंतून घासलें असतां मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून तळाशीं बसतात. परंतु पाणी निवळलें म्हणजे त्यांत विरघळलेला धातुही गेला, असें होत नाहीं.

विषाचा विचार त्याच ग्रंथाच्या कल्पस्थानांत, ३ ऱ्या अध्यायांत, स्वतंत्रपणें केला आहे. शत्रूनें दूषित केलेलें पाणी बुळबुळीत, उग्र वासाचें, फेसाळ व रेषायुक्त होतें. त्यांतील मासे व बेडूक मरतात. अशा जलाशयांत धव, असन, पारिभद्र, पाटला इत्यादि वृक्षांची थंड झालेली राख टाकावी, असें तेथें सांगितलें आहे. या योगांत निवळीचें नांव नाहीं. राखेनें पाणी क्षारयुक्त होतें, व अशा पाण्यांत शिसें, तांबें यांचा कांहीं अंश अविद्राव्य होऊन खालीं बसूं शकतो, असें आजचें रसायनशास्त्र सांगतें. तथापि तेथें धातूचा निर्देश नसल्यानें हें ज्ञान संहिताकारांच्या पदरीं घालतां येत नाहीं.

शिवाय धातुदूषित पाण्यास वरील लक्षणें असतातच असें नाहीं. इ. स. १९८३ मध्यें पश्चिम बंगालमधील कूपनलिकांच्या पाण्यांतील आर्सेनिकाचा दोष उघडकीस आला. आर्सेनिक विरघळलेलें पाणी दिसण्यांत स्वच्छ असूं शकतें. जिवंत वनस्पतींकडून असें द्रव्य शोषून घेण्याची रीत अगदीं निराळी आहे. 'टेरिस व्हिटाटा' नांवाचा नेचा आर्सेनिक आपल्या पानांत सांठवितो, हें इ. स. २००१ मध्यें प्रसिद्ध झालें. जलपर्णी शिसें व कॅडमियम मुळांवाटे शोषते. पण ती मूळची दक्षिण अमेरिकेंतील, म्हणून प्राचीन ग्रंथांत तिचा शोध करणें व्यर्थ होय. शोषण झाल्यावर वनस्पति पाण्याबाहेर काढावीच लागते. ती तेथेंच कुजली तर धातु पुनः पाण्यांत उतरतो.

सारांश, गढूळपणा व विष हे दोन दोष संहितेनें वेगळे मानले, ही तिची खरी थोरवी आहे. दोन्ही प्रकरणें एकत्र करून आधुनिक विद्येचें श्रेय तिला देऊं गेल्यास नेमका हाच विवेक लोपतो. ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचीं जुनीं बाडें असतील, त्यांनीं जलशुद्धीचा योग आढळल्यास प्रथम तो कोणत्या दोषावर सांगितला आहे हें पाहावें, आणि औषधाच्या नांवाबरोबर तो मूळ शब्दही जसाच्या तसा उतरून ठेवावा, अशी आमची विनंति आहे.