बैठकीची किंमत

कापणीयंत्राच्या बाजूने दाताळे घेऊन दिवसभर चालणाऱ्या मजुराला यंत्रावरच बसावयास जागा मिळावी, एवढ्या साध्या योजनेसाठी सायरस मॅकॉर्मिक याने १८४७ साली अमेरिकेत पेटंट घेतले. आणि त्या बैठकीची किंमत किती, या प्रश्नाने सहा वर्षांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाला जी तसदी दिली, ती अद्याप पुरती संपलेली नाही.

मूळ यंत्राचे पेटंट १८३४ चे. त्याची चौदा वर्षांची मुदत सरून ते यंत्र सर्वांना मोकळे झाले होते. न्यूयॉर्क राज्यातील सेमूर आणि मॉर्गन या कारखानदारांनी सुधारलेली यंत्रे करून विकली, तेव्हा मॅकॉर्मिकने फिर्याद केली, आणि जणू सबंध यंत्रच त्याच्या मालकीचे आहे अशा हिशेबाने ज्यूरीने १७,३०६ डॉलर ६६ सेंट भरपाई ठरविली. १८५३ मध्ये न्यायमूर्ती ग्रियर यांच्या निकालपत्राने तो हिशेब रद्द झाला. सुधारणेच्या धन्याला सबंध यंत्राचा नफा देणे म्हणजे, आपल्या भाषेत सांगावयाचे तर, नांगराला नवा फाळ बसविणाऱ्या लोहाराने शेतातले सारे पीक उचलून नेण्यासारखे होते.

याच निकालपत्रात दंडाचाही विचार आला आहे. १८०० च्या कायद्यान्वये प्रत्यक्ष नुकसानीच्या तिप्पट रक्कम सरसकट वसूल होई, आणि अजाणता चुकणारा व जाणूनबुजून दुसऱ्याची युक्ती लाटणारा, असे दोघेही एकाच मापाने मोजले जात. १८३६ च्या कायद्याने ज्यूरीकडे केवळ नुकसानीचा आकडा ठेवला, आणि तो तिपटीपर्यंत वाढविण्याचा अखत्यार न्यायाधीशाच्या विवेकाधीन केला. भरपाई आणि शासन यांतला हा भेद मला त्या कायद्यातील सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

वाटणीचा मूळ प्रश्न मात्र पाठ सोडीना. १८८४ मध्ये फरशी पुसण्याच्या दांड्याचा चिमटा वादाचा विषय झाला. चिमट्यापुरता नफा वेगळा काढून दाखविता न आल्याने वादीच्या पदरी नाममात्र रक्कम पडली. पुढच्याच वर्षी हाच न्याय गालिच्यांच्या नक्षीला लावण्यात आला, आणि नक्षी उचलल्याची भरपाई ठरली अवघी सहा सेंट! गालिचा घेणारा मनुष्य नक्षी पाहूनच तो घेतो, हे कोणताही दुकानदार सांगू शकला असता. अखेर १८८७ मध्ये काँग्रेसने कायदा केला, की नक्षी उचलणाऱ्याने किमान २५० डॉलर, आणि नफा त्याहून अधिक झाला असल्यास तो सर्व, धन्याच्या हवाली करावा.

गालिच्यांसाठी केलेल्या या तजविजीचा वारसा सव्वाशे वर्षांनी दूरध्वनीच्या खटल्यात उपस्थित होईल, हे कोणाच्या स्वप्नातही नसेल. गोलसर कोपरे आणि पडद्यावरील चित्रांची मांडणी यांवरून ॲपलने सॅमसंगवर दावा केला. आराखड्यांच्या उल्लंघनापोटी सबंध दूरध्वनीच्या नफ्यावर बेतलेली ३९ कोटी ९० लाख डॉलरची रक्कम वादात राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की 'सर्व नफा' ज्या वस्तूचा द्यावयाचा, ती वस्तू सबंध दूरध्वनी असू शकेल, त्याचा एखादा भागही असू शकेल. या खटल्यात ती कोणती, हे मात्र त्याने ठरविले नाही. पुन्हा ज्यूरी बसली, आणि तत्त्वतः जिंकलेल्या सॅमसंगवर २०१८ मध्ये आराखड्यांपोटी ५३ कोटींहून अधिक डॉलरचा बोजा पडला. लवकरच उभय पक्षांनी आपसांत तडजोड केली, आणि तिच्या अटी गुप्तच ठेवल्या.