डीकन जोन्सची थप्पड

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू नेमका कधी उचलला जाणार, हे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची राखण करणाऱ्या ब्लॉकरला आधीच ठाऊक असतं. समोरच्या बचावपटूला नसतं. हा तोटा भरून काढायची लॉस एंजेलिस रॅम्स संघाच्या डेव्हिड ‘डीकन’ जोन्सची रीत सरळ होती. चेंडू हलला, की ब्लॉकरच्या हेल्मेटवर कानापाशी सणसणीत थप्पड. हेड स्लॅप! कानात आवाज घुमतो, डोळे आपोआप मिटतात, तेवढ्यात जोन्स बाजूने पसार.

ही थप्पड आपण शोधली नाही, हे तो स्वतःच सांगे. रेम्ब्रांटने तरी चित्रकला कुठे शोधली होती, अशी पुस्तीही जोडे. बढाईच, पण खोटी नव्हे. थप्पड मारणारे इतरही होते, मारल्यावर त्याच्यासारखे धावणारे नव्हते. हे धावणं रॅम्सना दिसलं, ते मात्र योगायोगाने. नागरी हक्कांच्या आंदोलनात उतरल्यामुळे त्याची साउथ कॅरोलिना स्टेट कॉलेजमधली शिष्यवृत्ती गेली होती. पुढे रॅम्सचे लोक फिल्मवर भलत्याच खेळाडूला पारखत असताना चपळ धावपटूंना मागे टाकणारा हा सहा फूट पाच इंची गडी त्यांच्या नजरेत भरला. १९६१ साली नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये चौदाव्या फेरीत त्याची निवड झाली. टेलिफोन डिरेक्टरीत डेव्हिड जोन्स ढिगाने सापडतात, म्हणून ‘डीकन’ हे नाव त्याने स्वतःच घेतलं.

थप्पड इतकी चालली, कारण त्या काळी ब्लॉकरला हात लांबवून ढकलायची मुभा नव्हती. हात छातीशी धरून अंगानेच अडवायचं, मग डोकं उघडंच पडणार. जोन्स १९७४च्या हंगामानंतर निवृत्त झाला, १९७७ साली थपडेवर बंदी आली आणि १९७८ साली ब्लॉकरला हात पसरायची, पंजे उघडायची परवानगी मिळाली. बंदीचीच चर्चा जास्त होते. खेळ पालटला तो मात्र या दुसऱ्या नियमाने, असं मला वाटतं.

क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच लोळवण्याला ‘सॅक’ म्हणतात. हा शब्द रूढ करण्यात जोन्सचा मोठा वाटा, पण सॅकची अधिकृत मोजणी सुरू झाली १९८२ साली. जुन्या नोंदी धुंडाळणाऱ्यांनी त्याच्या खात्यावर १७३.५ सॅक मांडले, तेही अनधिकृतच. २०१३ साली तो वारला, आणि त्याच वर्षी हंगामात सर्वाधिक सॅक करणाऱ्यासाठी त्याच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. हा मान मिळवणारे आता ब्लॉकरचे लांबवलेले हात झटकतात, मनगटं खाली दाबतात, नाहीतर त्याच्या खांद्यावरून हात टाकून निसटतात.