वैद्यकाच्या उंबरठ्यावर : नवविद्यार्थ्याच्या पूर्वतयारीचा इतिहास आणि ज्ञातीचे कर्तव्य

वैद्यकीय प्रवेशाच्या याद्या प्रसिद्ध झाल्या की दरवर्षी ज्ञातिबांधवांची पत्रे मंडळाकडे येऊ लागतात. कोणाच्या चिरंजीवास पुण्यास प्रवेश मिळालेला असतो, कोणाच्या कन्येस मिरजेस अगर नागपुरास. राहण्याची सोय कोठे होईल, जुनी पुस्तके कोणाकडून मिळतील, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा करावा, अशी साधी व रास्त विचारणा या पत्रांतून असते. मंडळ यथाशक्ति साहाय्य करते आणि या स्मरणिकेत गुणवंतांची छायाचित्रे अभिमानाने छापली जातात. परंतु वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलामुलींची खरी तयारी म्हणजे काय, ती आजवर कोणी करून घेतली, आणि तीत ज्ञातीचा वाटा कोणता, याचा विचार मात्र क्वचितच होतो. पुणे शहरापुरता का होईना, त्या इतिहासाचा आढावा घ्यावा, एवढ्याच हेतूने हा लेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

शिष्यास वैद्यकाची दीक्षा देण्यापूर्वी त्याची तयारी पाहावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय शिष्याच्या उपनयनासंबंधीच आहे. पुढे नवव्या अध्यायात प्रत्यक्ष रोग्यावर शस्त्र चालविण्यापूर्वी कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर छेदनाचा सराव करावा असे सांगितले आहे. शारीरस्थानात तर मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावा व नंतर त्वचेपासून आतील एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असा स्पष्ट विधि आहे. परंतु याच ग्रंथात, दीक्षा कोणास द्यावी हे सांगताना वर्णांची गणना येते. कुलगुणसंपन्न शूद्रासही उपनयनावाचून व मंत्रावाचून शिकवावे, हे मत तेथे ‘कित्येकांचे’ म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे शिष्याची योग्यता आणि शिष्याची जात हे दोन प्रश्न आपल्या वैद्यकात आरंभापासूनच एकत्र गुंतलेले होते. पुढील सर्व इतिहास हा गुंता सुटण्याचा आहे.

काळाच्या ओघात शवच्छेदनाची ती परंपरा लोपली आणि मृतदेहास स्पर्श करणे उच्चवर्णीयांस भ्रष्टतेचे वाटू लागले. इंग्रजी अमदानीत नवे वैद्यक आले तेव्हा पहिली अडचण हीच उभी राहिली. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात १८३६ साली मधुसूदन गुप्त या संस्कृतज्ञ वैद्याने स्वतः शवच्छेदन केले, तेव्हा फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी देण्यात आली असे सांगतात. ती आख्यायिका असली तरी त्या कृत्यास लोक किती मोठे मानीत होते हे तीवरून समजते. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ साली तेथील पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. गोमंतकातून आलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्यातलेच. या पहिल्या पिढीपुढे दोन डोंगर होते : एक परकी भाषा आणि दुसरा आपल्याच ज्ञातीचा रोष. त्या मुलांच्या पूर्वतयारीसाठी कोणतीही संस्था नव्हती. ज्ञाति त्यांच्या पाठीशी नव्हती. बहुधा ती वाट अडवूनच उभी होती.

भाषेचा डोंगर उतरवावा म्हणून ग्रँट मेडिकल कॉलेजात पुढे मराठी व गुजराती भाषांतून वैद्यक शिकविणारे वर्ग चालविण्यात आले. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे विद्वान तेथे अध्यापन करीत. पुण्यात १८७८ साली वैद्यक शाळा सुरू झाली, ती बैरामजी जिजीभाई यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तिचे विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्ण पाहावयास जात ते ससून रुग्णालयात. त्या रुग्णालयाची इमारत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहून १८६७ साली खुली झाली होती. या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. रुग्णालयास नाव बगदादहून मुंबईस आलेल्या एका यहुदी व्यापाऱ्याचे, शाळेस नाव एका पारशी गृहस्थाचे, आणि त्या दोन्ही छपरांखाली शिकून गेले ते महाराष्ट्रातील नाना जातींचे तरुण! विद्यार्थी आपल्या ज्ञातीचाच असावा अशी अट त्या दात्यांनी घातली असती, तर पुण्याच्या वैद्यकाचा इतिहास अगदी वेगळा लिहावा लागला असता.

पूर्वतयारी अपुरी राहिली तर काय होते, याचे सर्वांत करुण उदाहरणही पुण्याशीच निगडित आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूर येथील कॉलेजात इंग्रजीतून जाहीर भाषण केले. आपण का जात आहो, येथेच का शिकत नाही, परत आल्यावर ज्ञातिबहिष्कार पडला तर काय करणार, अशा लोकांच्या एकेका प्रश्नास त्यांनी निर्भयपणे उत्तर दिले. त्यांच्या मनाची व बुद्धीची सिद्धता पूर्ण होती. परंतु पेनसिल्वेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना तेथील कडक थंडी, स्वतःच्या व्रताप्रमाणे पाळलेला आहार आणि एकाकीपणा यांनी त्यांची प्रकृति पोखरली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या चरित्रातून धैर्याचा धडा सर्वजण घेतात. आम्हांस त्यात आणखी एक धडा दिसतो. विद्यार्थ्याच्या बुद्धीबरोबर त्याच्या पोटाची, निवाऱ्याची आणि सोबतीची व्यवस्था झाली नाही, तर बुद्धि एकटी तग धरू शकत नाही.

हा धडा पुढच्या पिढीने ओळखला, ही समाधानाची गोष्ट आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन संस्था सुरू झाली. ससून रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण व बैरामजी जिजीभाई शाळेत वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांच्या राहण्याची सोय संस्थेने केली, आणि मुलीस रुग्णालयात पाठविण्यास कचरणाऱ्या घरांची भीड त्यामुळे हळूहळू चेपली. त्याच वर्षी पुण्यात अनाथ विद्यार्थी गृहाचा आरंभ झाला. माधुकरी मागून व वार लावून शिकणाऱ्या मुलांस तेथे छत्र मिळाले. कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून एकेका जातीच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघावी म्हणून जागा व द्रव्य दिले. आपल्यासारखी अनेक ज्ञातिमंडळे, त्यांचे शिष्यवृत्तिनिधि व त्यांच्या स्मरणिका यांना या चळवळीतूनच बळ मिळाले आहे. जी ज्ञाति पन्नास वर्षांपूर्वी शवास शिवला म्हणून मुलास वाळीत टाकण्याची भाषा करीत होती, तीच आता त्याच्या जेवणाची ताटे मोजू लागली. हा पालट लहान नव्हे.

१९४६ साली पुण्याच्या वैद्यक शाळेचे महाविद्यालयात रूपांतर झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालाने देशात कनिष्ठ परवान्याचे वैद्य व पदवीधर वैद्य असे दोन वर्ग न ठेवता एकच पदवी असावी, असा आग्रह धरला. १९४८ साली पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयही स्थापन झाले. १९५१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे उपकलम घातले गेले आणि मागासलेल्या वर्गांसाठी शिक्षणात विशेष तरतूद करण्यास राज्यघटनेचा स्पष्ट आधार मिळाला. पूर्वी ज्या घरांतील कोणी रुग्णालयात रोगी म्हणूनच गेला होता, त्या घरांतील मुले आता पांढरा डगला घालून तेथे जाऊ लागली.

याच काळातील आणखी एक कायदा विचार करण्याजोगा आहे. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने, ज्या मृतदेहांवर कोणी हक्क सांगत नाही ते वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची रीतसर व्यवस्था केली. फॉर्मॅलिनच्या उग्र वासाने डोळ्यांस पाणी येत असता, नवा विद्यार्थी ज्या देहापुढे प्रथम उभा राहतो, तो देह वर्षानुवर्षे बहुधा असा बेवारस माणसाचा असे. त्याचे नाव, गाव, जात विचारणारे कोणी मागे उरलेले नसे. त्या अनाम माणसांनी महाराष्ट्रातील वैद्यांच्या कित्येक पिढ्या शिकविल्या. अलीकडे स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची परंपरा रुजली आहे. कित्येक महाविद्यालयांत विच्छेदनाच्या पहिल्या दिवशी या देहापुढे विद्यार्थी आदराची शपथ घेतात, ही फार उचित प्रथा आहे.

इतके होऊनही नवविद्यार्थ्याची पूर्वतयारी ही अनेक दशके कोणाचीच जबाबदारी नव्हती. इंटर सायन्सची परीक्षा देऊन, आणि पुढे बारावीनंतर, मूल सरळ शरीररचनाशास्त्राच्या जाड ग्रंथापुढे येऊन बसे. मराठी माध्यमातून आलेला हुशार विद्यार्थी पहिले काही महिने व्याख्यान ऐके, पण त्यातील शब्द त्याच्या हाती लागत नसत. कोणी प्रेमळ वरिष्ठ हाडांचा संच देई, टिपणे देई, कोणता ग्रंथ आधी वाचावा हे सांगे. त्याच वसतिगृहात दुसरा एखादा वरिष्ठ ‘ओळखी’च्या नावाखाली नवागतास रात्रभर उभे करून त्याचा पाणउतारा करी. या छळास आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९९९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. वरिष्ठाची सोबत हेच एकमेव साधन असते, तेव्हा ते तारकही ठरते आणि मारकही.

२०१९ साली ही उणीव शासकीय पातळीवर प्रथमच भरून काढण्यात आली. त्या वर्षीच्या नव्या अभ्यासक्रमात प्रवेशानंतर लगेच एक महिन्याचा पायाभूत वर्ग सर्व वैद्यकीय महाविद्यालयांस लागू झाला. त्याचे एकूण १७५ तास ठरले होते. संस्थेची ओळख, प्रथमोपचारादि कौशल्ये, आरोग्यकेंद्रास भेट, व्यवसायनीति, खेळ व कला यांखेरीज भाषा व संगणक यांसाठी स्वतंत्र ४० तास त्यात राखून ठेवले होते. पुढे त्याच्या मुदतीत फेरफार झाले, परंतु मूळ विचार कायम आहे. भाषेची तरतूद आम्हांस विशेष मोलाची वाटते. मराठीतून आलेल्यास येथे इंग्रजीचा आधार मिळावा, आणि परप्रांतांतून पुण्यास आलेल्या विद्यार्थ्यास, जुन्नर वा मुळशीकडून ससूनमध्ये आलेली म्हातारी ‘पोटात कळ येते’ म्हणते तेव्हा तिला नेमके काय होते आहे, हे समजावे. भाषेवाचून निदान नाही.

परंतु २०१९ हेच वर्ष आणखी एका कारणासाठी स्मरणात राहील. त्या वर्षी मे महिन्यात मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली आणि जातीवरून तिचा छळ झाल्याचा आरोप वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर आला. खटल्याचा निर्णय न्यायालयाचा आहे. आम्ही त्यावर भाष्य करीत नाही. तथापि असा आरोप सुशिक्षितांच्या उच्चतम विद्यालयात उद्भवावा, एवढ्यानेही प्रत्येक ज्ञातिसंस्थेची झोप उडावयास हवी. प्रवेश कोणास कितव्या क्रमांकाने मिळाला, कोणत्या गटातून मिळाला, आडनाव काय, याची कुजबुज पहिल्याच आठवड्यात सुरू होते असे आमचे तरुण ज्ञातिबांधव सांगतात. ही कुजबुज शिकविणारी शाळा महाविद्यालयात नसते. ती घरी, पंगतीत आणि कधी कधी ज्ञातीच्या मेळाव्यांतही भरते.

म्हणून पूर्वतयारीचा जो भाग कोणताही शासकीय वर्ग करून घेऊ शकत नाही, तो ज्ञातीने करून घ्यावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पुस्तके व वसतिगृहाचे शुल्क यांची व्यवस्था मंडळाने अवश्य करावी. प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास ज्ञातीतील एक अनुभवी डॉक्टर नेमून द्यावा; पहिल्या सहा महिन्यांत महिन्यातून एकदा त्याने विद्यार्थ्यास घरी जेवावयास बोलवावे व अभ्यासाआधी झोप, आहार व मनःस्थिति यांची चौकशी करावी. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले तर ते अपयश नव्हे, हे पालकांस त्यानेच समजावून सांगावे. छळ झाल्यास तक्रार कोठे करावयाची हे विद्यार्थ्यास प्रवेशाच्या दिवशीच ठाऊक असावे. आणि सत्कारसमारंभात त्याच्या गळ्यात हार घालताना एक गोष्ट स्पष्ट सांगावी : ‘आम्ही तुला येथवर पोचविले, येथून पुढे तू आमच्या ज्ञातीचा डॉक्टर नाहीस. शेजारच्या खाटेवरचा सहाध्यायी कोणत्या यादीतून आला हे विचारू नकोस, आणि तुला कोणी विचारले तर मान खाली घालू नकोस.’

ज्ञातिसंस्थेनेच असे सांगावे, यात काहींस विसंगति वाटेल. आम्हांस ती वाटत नाही. नदीवरचा नावाडी उतारूस पैलतीरी सोडतो, नाव त्याच्या डोक्यावर देत नाही. ज्ञातीने आरंभी वाट अडविली, नंतर वाट दाखविली. आता उंबरठ्यापर्यंत सोबत करून तेथून आनंदाने माघारी फिरणे, हेच तिचे उरलेले कर्तव्य होय. यंदा वैद्यकाचा उंबरठा ओलांडणाऱ्या आमच्या सर्व मुलामुलींस, आणि त्यांच्याबरोबर त्याच बाकावर बसणाऱ्या इतर सर्व घरांतील मुलामुलींसही, मंडळाचे मनःपूर्वक शुभाशीर्वाद असोत.