पोथी, शस्त्र आणि गंज

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखक पुष्कळदां एक विनवणी लिहून ठेवितो. तेलापासून, पाण्यापासून व सैल बंधनापासून मला राखा, असें तींत पोथीच बोलते. लोखंडाची विनवणी याहून निराळी आहे. पाण्याचें भय त्यासही आहेच. तेल मात्र तें मागून घेतें. खानदेशांतील जुन्या घरांतून पोथ्या, दप्तरें, तरवारी व कारागिरांचीं हत्यारें कित्येकदां एकत्रच हातीं येतात. इ. स. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास दिवंगत झालेल्या राजवाड्यांच्या नांवाचें तेथील संशोधन मंडळही हस्तलिखितें व प्राचीन वस्तु असें दोन्ही सांभाळीत आलें आहे. म्हणून हा भेद संग्राहकानें आरंभींच ध्यानांत घ्यावा.

अमरकोशांत लोहमलास ‘मण्डूर’ व ‘सिंहाण’ अशीं नांवें आहेत. रसशास्त्रांतील मण्डूर म्हणजे भट्टीचें जुनें किट्ट. तें शंभर वर्षांहून अधिक जुनें असल्यास उत्तम मानितात. औषधास शतकाचें किट्ट हितकर. शस्त्रास एका पावसाळ्याचा गंजही घातक!

शस्त्रें कशीं ठेवावीं हा विचार आपल्याकडे जुना आहे. अष्टांगहृदयांत वाग्भटानें शस्त्रकोशाचें माप नऊ अंगुळें रुंद व बारा अंगुळें लांब असें दिलें असून, शस्त्रांमध्यें लोकर घालून तीं एकमेकांपासून अलग ठेवण्यास सांगितलें आहे. लोकरींतील मेणासारखा स्निग्ध पदार्थ आज गंजरोधक म्हणून वापरतात, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे.

लोखंड, ओलावा व हवेंतील प्राणवायु एकत्र आले कीं गंज धरतो. हवेंतील आर्द्रता शेंकडा साठांच्या वर गेली म्हणजे त्याचा वेग फार वाढतो. हाताच्या घामांतील मीठ त्यास साह्य करितें. जळगांव-धुळ्याकडील उन्हाळा कोरडा असल्यानें लोखंड तेव्हां बरें राहतें. खरी परीक्षा मृगापासून हस्तापर्यंत. पाऊस सरतांच आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, शस्त्रें व हत्यारें बाहेर काढून पुसण्याची व पुजण्याची चाल आहे. या पूजेंत वार्षिक तपासणी आपोआप साधते.

दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला या प्रसंगीं हटकून दिला जातो. इसवी सनाच्या चौथ्या-पांचव्या शतकांतील त्या लोखंडांत स्फुराचें प्रमाण अधिक असल्यानें त्यावर संरक्षक थर बसला, असें कानपूरच्या आय. आय. टी. तील बालसुब्रमण्यम् यांनीं दाखविलें. परंतु त्याच स्तंभाचा जमिनींतील भाग गंजलेला आढळला. धातु उत्तम असली तरी ओल साचली कीं तिचा उपाय चालत नाहीं, हाच त्यांतील बोध.

आतां व्यवहार. विळा, वाकस, पटाशी, रंधा हीं कामाचीं हत्यारें कोरडीं पुसून त्यांवर खनिज तेलाचा पातळ हात फिरवावा. जवसाचें तेल सुकून चिकट पापुद्रा धरतें. तें लांकडी दांड्यास योग्य, पात्यास नव्हे. तरवार चामड्याच्या म्यानांत वर्षानुवर्षें ठेवूं नये. चामड्यांत ओल टिकते, आणि तें कमावतांना राहिलेलें आम्ल पोलादास खातें. जुन्या शस्त्रास चिंच, विटकर किंवा वाळूचा कागद लावून चकाकी आणणें हा तर अपराधच होय. शिकलगाराच्या सहाणेवर गंजाबरोबर कोफ्तगिरी व कोरीव अक्षरेंही जातात, आणि वस्तूचा पुरावा नष्ट होतो.

कागदांकडे वळतां गंज तेथेंही आहेच. दप्तरांतील लोखंडी टांचण्या कागदावर तांबडे डाग पाडून तेवढी जागा ठिसूळ करितात. हिराकसाच्या शाईंतील लोहांश व आम्ल अक्षरांच्या रेषेनेंच कागद खातात. काजळाच्या शाईस हें भय नाहीं, पण ती पाण्यानें पसरते.

म्हणून टांचण्या हलक्या हातानें काढाव्या, शस्त्रांची पेटी पोथ्यांच्या कपाटांत ठेवूं नये, आणि तेल लाविलेला हात धुतल्यावांचून पोथी सोडूं नये. दोघांचाही समान शत्रु ओल. ती टाळली कीं निम्मा इतिहास वांचला.