कळविणे आणि कळणे

‘आपणांस कळविण्यात येते की’ हे शब्द आम्ही कारकून मंडळी दिवसातून किती वेळा लिहितो याची गणती नाही. पत्र निघाले, जावक क्रमांक पडला, स्थळप्रत फाइलीस लागली, की आपले कर्तव्य पुरे झाले असे आम्ही समजतो. ज्याला कळवावयाचे त्याला ते कळले की नाही, यासाठी जावक नोंदवहीत रकाना नसतो. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे भोपाळला राहण्याचा योग आला, तेव्हा तेथील जुन्या वस्त्यांतून हिंडताना हा नसलेला रकाना आम्हांस वारंवार आठवत असे. कामाच्या ठिकाणी असणाऱ्या विषारी पदार्थांचा इतिहास पाहू गेल्यास तो बव्हंशी या एका रकान्याचाच इतिहास आहे, असे आमचे मत होऊन बसले आहे.

या इतिहासाचा आरंभ एका मैलखड्ड्यापाशी करावा लागतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील मोडेना नगरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य राहत असत. त्यांच्या घरचा मैलखड्डा उपसण्यास आलेला एक मजूर जिवाच्या आकांताने घाई करीत आहे असे पाहून, इतकी धडपड कशासाठी, असे त्यांनी त्याला विचारले. या जागी चार तासांहून अधिक राहणे म्हणजे आंधळे होणेच होय, अशा अर्थाचे उत्तर त्या मजुराने दिले. तो बाहेर आल्यावर रामाझ्झिनींनी त्याचे डोळे पाहिले. ते लाल होऊन मंदावले होते. पुढे कुंभार, रंगारी, पारा हाताळणारे अशा अनेक धंद्यांतील लोकांच्या रोगांचा अभ्यास करून त्यांनी १७०० साली आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, आणि रोग्याला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत वैद्याने आणखी एका प्रश्नाची भर घालावी असे सांगितले : तुझा धंदा काय?

या कथेत आम्हांस विशेष वाटते ते हे की, धोक्याचे ज्ञान प्रथम मजुरापाशी होते. ते त्याला कोणी दिलेले नव्हते. उणीव होती ती फक्त विचारणाऱ्याची.

रसायनांचे मोठे कारखाने निघाले आणि ही स्थिती पालटली. पदार्थ प्रयोगशाळेत जन्मू लागले. त्यांची नावे मजुराला उच्चारता येईनात आणि गुण त्याच्या अनुभवात नसत. आता ज्ञान वर होते आणि धोका खाली. ते खाली उतरण्यास किती काळ लागतो याचे उदाहरण म्हणजे आगकाडी. पांढऱ्या फॉस्फरसने काड्या बनविणाऱ्या कामगारांचा जबडा सडतो, ही गोष्ट व्हिएन्नात १८४० च्या दशकातच नोंदली गेली होती. त्या फॉस्फरसवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार बर्न येथे झाला तो १९०६ साली. मधली साठ वर्षे आगकाड्या निघतच होत्या.

परंतु कळविणे आणि कळणे यांतील अंतर सर्वांत भयंकर रीतीने दिसले ते आपल्याच देशात, भोपाळला. युनियन कार्बाइडच्या तेथील कारखान्यात सेविन नावाचे कीटकनाशक बनत असे व त्यासाठी मिथिल आयसोसायनेट हा द्रव साठविला जाई. हा द्रव सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यात पाणी गेले तर आपल्याच उष्णतेने तो खवळतो. त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि डोळे व फुप्फुसे जाळते. हे सर्व जाणकारांस ठाऊक होते. मात्र यंत्रे चालविण्याच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना इंग्रजी जेमतेमच कळे. भिंतीपलीकडील वस्त्यांत तर आत शेतीचे औषध बनते यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हते.

सूचना मिळाल्या नव्हत्या असे नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉसजीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. मे १९८२ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तपासनीसांनी सुरक्षिततेतील उणिवा दाखविणारा अहवाल दिला. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या साप्ताहिकातून शहराला स्पष्ट शब्दांत सावध केले. वर्षअखेर विधानसभेत प्रश्न निघाला, आणि भोपाळला धोका नाही असे उत्तर मंत्र्यांनी दिले. अशी उत्तरे कशी तयार होतात हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. खालून टिपणी येते, तिच्यावर टिपणी चढते, आणि कोणीही प्रत्यक्ष न पाहिलेली गोष्ट सभागृहात निःशंकपणे सांगितली जाते. ते उत्तर कोणी लिहिले ते आम्हांस ठाऊक नाही. परंतु त्या टेबलाशी आम्ही असतो तर वेगळे काही लिहिले असते, असे छातीवर हात ठेवून आमच्याने म्हणवत नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे चाळीस टन द्रव असलेल्या टाकीत पाणी शिरले. द्रव थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंदच होती. मध्यरात्रीनंतर वायू शहरावर उतरला. कारखान्याचा भोंगा थोडा वेळ वाजला व थांबला. लोकांसाठी तो सलग वाजू लागला तोवर वायू वस्त्यांत पसरून बराच वेळ लोटला होता. माणसे वाट फुटेल तिकडे धावली, आणि धावल्याने श्वास वाढून विष अधिकच आत गेले. ओले फडके तोंडावर धरा, वाऱ्याला आडवे चाला, एवढे दोन उपाय हिंदीत आधी सांगितलेले असते तरी कित्येक जीव वाचते. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांपुढे शेकडो रोगी येत होते आणि उपचार नेमका कोणत्या विषावर करावयाचा हेच त्यांना ठाऊक नव्हते. रामाझ्झिनींचा प्रश्न येथे उलटा झाला होता : विचारणारे डॉक्टर होते, सांगणारे कोणी नव्हते.

त्या रात्री एक निरोप मात्र पोचला. भोपाळ स्थानकाचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वरिष्ठांच्या अनुमतीची वाट न पाहता गोरखपूर–मुंबई एक्स्प्रेस वेळेआधी सोडून दिली आणि आसपासच्या स्थानकांना भोपाळकडे गाड्या न पाठविण्याविषयी कळविले. वायू कोणता हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तथापि जेवढे समजले तेवढे त्यांनी ज्याला हवे त्याला तत्काळ सांगितले. ते स्वतः त्या विषाने आजन्म पीडित राहिले व २००३ साली वारले.

मध्य प्रदेश शासनाने वायुगळतीचे ३,७८७ मृत्यू मान्य केले. इतरांचे अंदाज याच्या अनेकपट आहेत. पीडितांची संख्या शासनाच्याच २००६ च्या प्रतिज्ञापत्रात ५,५८,१२५ दिली आहे.

या अनर्थानंतर कायदे झाले. १९८७ साली कारखाने अधिनियमात ४१-ब हे कलम घातले गेले आणि कारखान्यातील धोके कामगारांना, स्थानिक संस्थेला व शेजारच्या जनतेलाही सांगणे हे कारखानदाराचे कर्तव्य ठरले. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांसाठी माहितीपत्रक व पिंपावरील चिठ्ठी आवश्यक केली. २००३ साली संयुक्त राष्ट्रांनी साऱ्या जगासाठी एकच चिन्हपद्धती प्रसिद्ध केली : तांबड्या किनारीच्या चौकटीत कवटी, ज्वाला, हातावर सांडणारा द्रव. ही प्रगती खरीच. परंतु चिठ्ठी वाचणारा आणि चिन्ह समजावणारा नसेल, तर तीही एक स्थळप्रतच होय.

हे आम्ही मोठेपणाने लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच कार्यालयात स्वच्छतेच्या रसायनांविषयी परिपत्रक आले. आम्ही ते फलकावर लावले, सफाईच्या बाईंची वहीत सही घेतली आणि अनुपालनाचा अहवाल पाठविला. पुढल्याच आठवड्यात त्या प्रसाधनगृहाबाहेर खोकत बसलेल्या आढळल्या. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. फरशीवर त्यांनी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकली होती, आणि त्या दोहोंतून क्लोरीन वायू निघतो. परिपत्रकाचा तिसरा परिच्छेद नेमका याविषयीच होता. त्यांना आपल्या नावापलीकडे वाचता येत नव्हते, आणि हे सही घेताना आम्हांस ठाऊक होते.

सावरल्यावर त्या म्हणाल्या, “बाबूजी, हे रोजचेच आहे. श्वास धरून लवकर उरकते मी.” मोडेनाच्या मजुराचेच ते उत्तर होते. ते आम्हांस आधीही मिळाले असते. आम्ही विचारलेच नव्हते.

त्या दिवशी दोन्ही वस्तू वेगळ्या कपाटांत ठेवविल्या, त्यांच्याशी हिंदीत बोललो आणि समजलेले त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐकले. दहा मिनिटे लागली. वहीतील त्या सहीपुढे मात्र काय लिहावे हे आम्हांस अजून सुचलेले नाही.