बोडीतला मागूर

भंडारा जिल्ह्यात देशी मागूर हा मासा मागे पडला, त्याचा दोष आफ्रिकन मागुरावर ढकलणे सोयीचे आहे, पण अपुरे. कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले तलाव आणि बोड्या (लहान तळी) १९५० च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारी) संपताच बऱ्याच अंशी सरकारकडे गेल्या; मासेमारी पुढे ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्थांकडे आली. तिकडे ओडिशात १९५७ मध्ये हिरालाल चौधुरींनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन साधले, आणि रोहू-कटल्याचे बीज सोडणे म्हणजेच मत्स्यशेती असे समीकरण होऊन बसले. कार्प भराभर वाढतो, ढिवराच्या हाती पैसा देतो, हा युक्तिवाद खराच. मागुराचे बीज काढणे कटकटीचेही आहे: मिल्टसाठी (वीर्यासाठी) नराला बहुधा मारावे लागते. पण हवेतला प्राणवायू घेणारा हा मासा आटत्या बोडीतही तग धरतो, पावसाळ्यात धानाच्या बांधीतल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. भरलेले, खोल पाणी गृहीत धरणाऱ्या संशोधनाला (कार्पसाठी ते ठीकच) ही जागा दिसलीच नाही. खादाड आफ्रिकन मागूर देशी मागुराअभावी मोकळ्या राहिलेल्या बाजारात शिरला; त्याच्या संवर्धनावर बंदी आहे, तरी चोरटी पैदास सुरूच राहिली. नुसत्या बंदीने देशी मागुराचे बीज तयार होत नाही.